एकेचाळिसावा दारात

वर्गणी भरून वापरायचा नवा ‘कट्टा’ लोकांसाठी खुला होऊन दोन तास झाले नाहीत, तोच एका शाळेच्या कारकून बाईंचा फोन आला. "अहो, नाव नोंदवलं, तर पडद्यावर येतंय, 'थांबा हं, घरात विचारून सांगतो.' घरात कुणाला विचारताय?"

धाकटीच्या हातातला कप हातातच राहिला. हे वाक्य दादाचं होतं.

वीस वर्षांपूर्वी या दोघा भावंडांनी मागच्या खोलीत, कपड्यांच्या कपाटाला पाठ टेकून, ‘कट्टा’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. गावोगाव पांगलेल्या नातेवाइकांनी तिथे निरोप ठेवावेत, फोटो लावावेत, एवढीच हौस. सर्व्हर म्हणजे आत्याचा जुना संगणक. तो इतका तापायचा की आई त्याच्यावर ओले मोजे वाळत घालायची. दादा कोड सांगायचा, धाकटी टाइप करायची आणि चुकलं की खापर एकमेकांवर फोडायचं. त्या खोलीतल्याइतकी मजा पुन्हा कुठल्याच कामात आली नाही, हे धाकटी आजही कबूल करते.

मग दादाने कट्टा जगाला फुकट देऊन टाकला. कुणीही घ्यावा, बदलावा, हवा तर विकावा. शेकडो लोकांनी घेतला, पण स्वतःच्या सर्व्हरवर तो बसवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे. म्हणून गेल्या वर्षी धाकटीने ठरवलं, आपणच तो चालवून द्यायचा. लोकांनी वर्गणी भरावी आणि नुसतं आत यावं.

"घरच्या कट्ट्याला तिकीट लावणार?" दादा म्हणाला.

"फुकटच्या कट्ट्याची डागडुजी दहा वर्षं मी एकटी करतेय. तेव्हा कुठे होतास?"

दोघांचंही खरं होतं, म्हणून दोघांनाही झोंबलं. अकरा महिने बोलणं बंद. कायद्याने त्याची परवानगी लागत नव्हती. तरी त्याने एकदा ‘बरं’ म्हणावं, एवढ्यासाठी तिचा जीव अडकला होता.

"ताई, चाळीस जण सुरळीत आत आले," भागीदार म्हणाला. धाकटीबरोबर या धंद्यात उतरलेला हा माणूस पूर्वी बँकेत होता, त्याला घोळ खपत नसे. "एकेचाळिसाव्या बाईंपासून अडलंय."

चाळीस म्हटल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या काळी ओळखीतली ई-मेल असलेली माणसं मोजली, तेव्हा ओढूनताणून चाळीस भरली होती. "एकेचाळिसावा आला तर तो परका," दादा म्हणाला होता, "आपल्याला विचारल्याशिवाय त्याला आत घ्यायचं नाही." जगाला देताना त्याने ही अट काढून टाकली. धाकटीने मात्र विकायचा कट्टा बांधायला घेतला तो घरच्या मूळ प्रतीवरून. का, तर माया. शहाण्या माणसाने असं करू नये. चाचणीला दहाच जण होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि परवानगी मागणारी ई-मेल जायची दोघांच्या जुन्या, सामाईक पत्त्यावर. त्याचा पासवर्ड ती केव्हाच विसरली होती.

"काढून टाका कोडमधली ती ओळ," भागीदार म्हणाला. "मिनिटाचं काम."

काम मिनिटाचंच होतं. ओळ समोर होती आणि शेजारी दादाची टीप: ‘आधी चिमणीला विचार. ती नाही म्हणाली तर नाही.’ चिमणी म्हणजे तीच, दादाने ठेवलेलं नाव. धाकटीला रडू आलं, आणि तिने ते भागीदारापासून लपवलंही नाही.

तेवढ्यात कारकून बाईंचा पुन्हा फोन. "झालं हो, आत आले. 'या, बसा' म्हणतोय तुमचा कट्टा."

धाकटीने नोंदी उघडल्या. एकेचाळीस, घ्या. बेचाळीस, घ्या. त्रेचाळीस, घ्या. जुन्या पत्त्यावरून कुणीतरी एकेकाला हाताने होकार देत होतं. नोंदी साठाच्या पुढे गेल्या होत्या.

अकरा महिन्यांनी तिने दादाला फोन लावला.

"बोल चिमणे, पटकन बोल. चौसष्टावा दारात उभा आहे."

"असं किती जणांना हाताने घेणार आहेस?"

"तू ओळ काढेपर्यंत. त्यांना ताटकळत ठेवू का? पैसे भरून आलेत बिचारे."

"मग काढू?"

त्याच्या खोलीतला पंखा तिला ऐकू येत होता.

"बरं," तो म्हणाला. "काढ. फक्त ह्या एकाला मला घेऊ दे."