आंबट पाण्यातलं शिसं

टँकर आला होता, घागरी रांगेत लागल्या होत्या, पण 'पाणी चांगलं आहे' या कागदावर सगळ्या वस्तीच्या सह्या झाल्याशिवाय नळी सोडायची नाही, असा चेअरमन आबासाहेबांचा हुकूम होता.

शिरूर कासारच्या त्या माळावर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणारी त्यांची सहकारी संस्था. तिचा काळा कचरा विहिरीला लागून पडलेला, आणि ऐन दुष्काळात जवळपास पाणी उरलं होतं ते नेमकं त्याच विहिरीला; टँकरही तिथंच भरलेला. प्रयोगशाळेचा अहवाल आलाय, कचऱ्यातून शिसं पाण्यात उतरत नाही, तेव्हा सह्या करा आणि प्या, असं त्यांचं म्हणणं.

दहावीतल्या यशोधरानं अहवाल मागितला. पोरींनी घागरी धराव्यात, कागद नाही, असं ऐकवून झालं. तिनं पुढं केलेला हात मागं घेतला नाही. शेवटी कारकून जालिंदरनं तो कागद तिच्या अंगावर फेकला.

तिला लई चांगलं वाचता येत होतं. कचरा साध्या पाण्यात अठरा तास घुसळून तपासला, असं त्यात होतं. विज्ञानाच्या बाईंनी तर दोन रीती सांगितल्या होत्या. कचरा नुसता पडलेला असेल, तर साध्या पाण्यात; कुजक्या घाणीत पडलेला असेल, तर तो पातळ ॲसिडमध्ये घुसळायचा. आणि इथं त्याच ढिगावर दोन वर्षं साखर कारखान्याची मळी ओतत होते. आंबट वासानं नाक फुटायचं.

"साखराआजी," ती रांगेतल्या म्हातारीकडं वळली, "कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात पाणी ठेवलं तर काय व्हतं?"

"काय व्हनार? कायच न्हाई."

"आन् ताक?"

"कळकतंय की. इख व्हतं त्याचं."

"चेअरमनसाहेबांनी पाणी ठिवून बघितलंय. ताक ठिवलंच न्हाई."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. आबासाहेब हसले नाहीत.

"बरं," ते म्हणाले. "तुझ्या ताकाची तपासणी करू. महिना लागंल. तवर टँकर बंद."

त्यांनी हात केला आणि भरलेला टँकर तसाच वळला. धुरळा खाली बसायच्या आत रांग यशोधरावर उलटली.

"फिटली का हौस?" कडेवरचं पोर सावरत पारूबाई अंगावर आली. "आता ह्याला काय पाजू? तुजं पुस्तक?"

"काय बी पाजा. ते पाजू नका."

यशोधराची आई भामाबाई रांगेतून पुढं आली. तिनं एक घागर लेकीच्या डोक्यावर आदळल्यासारखी ठेवली, दुसरी स्वतः घेतली आणि दोन कोसांवरच्या हापशाची वाट धरली. त्यांच्या मागून, दोघींनाही शिव्या घालत, पारूबाई निघाली.