वरून टाकलेले वजन

माझ्या नातीचे पणजोबा वजनकाटे घडवीत. रतीभर फरकापायी ते गिऱ्हाइकाला दिवसभर ताटकळत ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'रतीभर' म्हणत. त्यांचे चिरंजीव, म्हणजे माझे यजमान, काटे दुरुस्त करीत. बोलण्यात इतके कंजूष की त्यांचे नाव 'मुके मालक' पडले. त्यांचा मुलगा, माझा लेक, काटे विकतो आणि बापाच्या वाट्याचेही बोलून घेतो. त्याची ही एकुलती एक मुलगी. तिला आम्ही 'ठोकळी' म्हणत असू. ते नाव मी ठेवले होते, हे आधीच सांगून टाकते.

आमच्याकडे वाढदिवसाला कारखान्यातल्या मोठ्या काट्यावर प्रत्येकाचे वजन होई, आणि ते मोठ्याने वाचण्याचा मान माझा. मुलगी बारा वर्षांची झाली त्या दिवशी मी आकडा वाचला आणि तिथल्या तिघा कामगारांकडे वळून म्हणाले, "अरे, आपलं वीस किलोचं वजन हरवलंय म्हणून शोधत होतात ना? हे बघा, फ्रॉक घालून उभं आहे!" सगळे पोट धरून हसले. मुलगी काट्यावरून उतरली आणि मान खाली घालून घरात गेली. मला वाटले, लाजली.

त्यानंतर तिचे जेवण हळूहळू आटले. आधी भूक नसे, मग वेळ नसे, मग भांडणे होऊ लागली. मी तिला नखरेल म्हटले. तिच्या ताटावर नजर रोखून घास मोजत बसले. एकोणिसाव्या वर्षी ती जिन्यात कोसळली, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाई आमच्या घरात आल्या. त्या म्हणाल्या, "ही जिद्द नाही, आजी. ही भीती आहे. तिच्या ताटात बघू नका. स्वतःचं नीट जेवा आणि शेजारी बसा." आजवर मला कोणी जेवायला शिकवले नव्हते. पण मी शिकले.

त्यांची अट एकच होती. दर सोमवारी वजन कळवायचे. सलग दोन आठवडे घटले तर दवाखान्यात दाखल व्हायचे, कारण तिचे हृदय थकत चालले होते. मुलगी म्हणाली, "दवाखान्याच्या काट्यावर माझा विश्वास नाही. आपल्याच काट्यावर करीन." अभिमानाने माझी छाती फुगली. डॉक्टरीणबाई कां-कूं करीत होत्या. मीच त्यांना गप्प केले. रतीभरांच्या काट्यावर संशय? काट्यावर असा आंधळा विश्वास ठेवण्याची चूक आमच्याच घरात होऊ शकते.

चार सोमवार वजन वाढत गेले. सूनबाई हसू लागली. पण पाचव्या सोमवारी सकाळी मुलीने माझ्या हातातली पिशवी घेतली, तेव्हा तिची बोटे मला लागली. बर्फासारखी गार होती. वजन वाढतेय, तर हात इतके गार कसे? मी कारखान्यात गेले.

रिकामा काटा शून्यावर होता. मी लेथवाल्याला हाक मारली; दोघांनी मिळून वीस किलोचे प्रमाणित वजन त्यावर ठेवले. काट्याने बावीस दाखवले.

लेथवाल्याने खाली वाकून पाहिले. "मालकीणबाई, खालची तरफ कुणीतरी हलवलीय. हे काम जाणत्याचं आहे."

दारात मुलगी उभी होती.

"कुणी हात लावला याला?" मी विचारले.

"पाठ दुखतेय ना तुझी? वजनं कशाला उचलतेस?"

"प्रश्न मी विचारलाय."

"मी." तिने चौकटीला धरले. "आजी, आज सांगू नकोस. एकच आठवडा दे. मी खाईन, शपथ."

"चार पिढ्यांत या घरात खोटं माप झालं नाही!"

"झालंय," ती म्हणाली. तिची नजर माझ्यावरून हलली नाही. "मी बारा वर्षांची होते."

"मी आकडा खराच वाचला होता."

"आकडा खरा होता. त्यावर तू वरून जे टाकलंस, ते?"

एका वाक्याने हा आजार होत नाही, असे डॉक्टरीणबाईंनी मला पुढे बजावून सांगितले. तरी माझ्या वाट्याचे माप मला तिथेच कळले.

फोन मी तिच्यासमोरच केला. सारे खरे सांगितले. "ताबडतोब घेऊन या," बाई म्हणाल्या. मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. "तू मला विकलंस," ती पुटपुटली.

रतीभरांचा एक नियम होता: आपला काटा खोटा निघाला, तर तो गुपचूप घरी आणायचा नाही, जिथे खोटा ठरला तिथेच, ज्यांच्यादेखत ठरला त्यांच्यादेखत दुरुस्त करायचा. त्या दिवशी हसणारे तिघेही अजून कामावर होते. मी लेथ बंद करवला. घासकाम करणारे दादा आणि कचेरीतल्या बाई यांनाही बोलावले.

"मालकीणबाई सगळ्यांना बोलावतायत," दादा कुजबुजले, "म्हणजे कुणाची तरी हजामत आहे."

"माझीच आहे," मी म्हणाले. "सात वर्षांपूर्वी इथे, या काट्यापुढे, मी हिचा अपमान केला. तुम्ही हसलात, कारण मी हसवलं. ती थट्टा नव्हती, क्रूरपणा होता. आणि 'ठोकळी' हे नाव आजपासून या घरात कुणी घेणार नाही." मग मी तिच्याकडे वळले. गुडघे कुरकुरत होते, तरी खाली बसले. "मी तुझी माफी मागते. फोन केला त्याची नाही. त्या दिवसाची."

लेथवाला हळूच म्हणाला, "मीही हसलो होतो, ताई. चुकलंच."

मुलीने हात पुढे केला. "पाना द्या."

तिने स्वतः तरफ जागेवर आणली. लेथवाल्याने वजन पुन्हा ठेवले. वीस. रतीभरही फरक नाही.

"माझं वजन इथे नको," ती म्हणाली. "दवाखान्यात आकड्याकडे पाठ करून उभं राहता येतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. तू येशील?"

"बाहेर बसेन. आत डोकावणार नाही."

गाडीत तिने आपले गार हात माझ्या हातात दिले. कारखान्याचे फाटक मागे पडले, तेव्हा ती समोर बघतच म्हणाली, "त्या दिवसाचं देणं फिटलं, आजी. सगळं."