कुरणातली नवी पिकअप

लिंडनदाजींनी नवी पिकअप घेतली, पण ती शेडमध्ये मावेना. त्यांनी शेडचं दार काढलं, मग चौकट काढली, आणि शेवटी गाडी बाहेरच उभी केली. जुनी बुटकी पिकअप त्यांनी शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आल्माकाकूंना देऊन टाकली होती, कोंबड्यांचं खाद्य वाहायला.

आमच्या नॉर्थ डकोटात बर्फ वितळला की कुंपण आडवं झालेलं दिसतं. दाजी मला म्हणाले, "वीस खांब टाक गाडीत. जेवणाआधी उरकून येऊ."

खांब आठ फुटी, गाडीचा मागचा हौदा साडेपाच फुटी. त्यातून हौद्याची कड माझ्या गळ्याशी. सात खांब कसेबसे तिरके चढवले, तोवर आमचे खांदे गळाले.

"दाजी, काकूंची गाडी मागून आणू का?"

"कशाला? ही सहा टन ओढते."

"ओढेल हो. पण खांब आधी आपल्याला उचलायला लागतात ना."

दाजींची बायको वर्ना म्हणजे माझी थोरली बहीण. ती खिडकीतून म्हणाली, "पुढे बसवा की त्यांना. सीटं गरम होतात म्हणे."

आम्ही तेच केलं. उरलेले तेरा खांब आत कोंबले, टोकं खिडकीबाहेर. पट्टे लावा म्हणून गाडी टुणटुण करायला लागली. दाजींनी खांबांना पट्टे लावले. मला बसायला जागाच नव्हती, म्हणून मी चालत गेलो.

कुरणाचं फाटक सात फुटी, दाजींच्या आजोबांच्या घोडागाडीच्या मापाचं. गाडी आरशांसकट आठ फूट. दाजींनी बराच वेळ विचार केला आणि फाटकाशेजारचं धडधाकट कुंपण उपटायला घेतलं.

"दाजी, कुंपण दुरुस्त करायला कुंपण पाडताय?"

"तात्पुरतं रे."

चाळीस गाई हे बघत होत्या. वाट झाली तशा त्या एकामागे एक शांतपणे बाहेर पडल्या. एक वासरू तेवढं आत राहिलं. दाजींनी गाडी त्या खिंडारात घातली, तसं ते सावली बघून बॉनेटखाली येऊन बसलं.

"दाजी, थांबा. समोर वासरू आहे."

"कुठाय? मला नुसतं आभाळ दिसतंय."

मी वासराला ढकललं, ओढलं. ते हलेना. मागे घ्यावी तर गाडीमागे आता गाई येऊन उभ्या होत्या. दाजी खांबांच्या शेजारी बसून राहिले.

तासाभराने आल्माकाकू जुन्या पिकअपमधून खाद्याची बादली खडखडवत आल्या. गाई त्यांच्या मागून फाटकातून निमूट आत गेल्या. वासरूही उठून गेलं. दाजींनी गाडी मागे घ्यायला गिअरला हात घातला.

"हलू नकोस लिंडन," काकू म्हणाल्या. "भोक कसं मापात बुजलंय."

खरंच बुजलं होतं. आम्ही वीसच्या वीस खांब काकूंच्या गाडीत भरले आणि संध्याकाळपर्यंत पलीकडचं कुंपण उभं केलं. उपटलेले खांबही तिकडेच खपले, त्या जागी लावायला एकही उरला नाही, म्हणून दोन्हीकडची तार नव्या गाडीच्या आरशांना बांधली.

त्याला आता दोन वर्षं होतील. दाजी रोज सकाळी कॉफी घेऊन तिथे जातात आणि सीट गरम करून बसतात. परवा गावातल्या कोणीतरी विचारलं, एवढी मोठी गाडी शेतीला उपयोगी पडते का.

"पडते तर," दाजी म्हणाले. "लावल्यापासून तिथून एकही गाय बाहेर गेलेली नाही."