नुसतं तोंड हलव

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना कर्णा आहे. सध्या गावच्या कोठारात मक्याच्या पोत्यांमागे पडून असतो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की डोळ्यांत पाणी आणतात. मी तसं करणार नाही. मी चिडलेला आहे. का, ते तुम्हालाच सांगायचं आहे, कारण जे घडलं ते तुमच्याएवढ्या मुलांच्या बाबतीत घडलं.

मला एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात बनवलं. पत्रा वाकवून त्याचं फुलासारखं तोंड केलं आणि राखाडी रंग मारला. युकुनी गावच्या लोकांनी मला विकत घेऊन, गाढवाच्या पाठीवर बांधून, डोंगरावर आणलं. ओआहाका प्रांताच्या डोंगरातलं हे गाव मिश्तेक या मूळच्या डोंगरी लोकांचं आहे. घरात मिश्तेक बोलायचं, बाजारात आणि कचेरीत स्पॅनिश, अशी इथली रीत.

सुरुवातीची वर्षं मी कचेरीच्या छपरावर होतो. गावात एकच फोन होता. अर्ध्या घरांतले बाप उत्तरेला, सीमेपलीकडे स्ट्रॉबेरी तोडायला गेलेले. फोन आला की मी हाक घालायचो, "दोन्या बेनिता, तुमच्या सेल्सोचा फोन आलाय, चला लवकर." दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईला मानानं मारायची हाक. मग बाया विणायला घेतलेली ताडाच्या पानांची टोपी हातात तशीच धरून धावत यायच्या. मी खरा निरोप सांगायचो आणि लोक माझ्यावर विश्वास ठेवायचे. पुढे घरोघरी मोबाइल आले, माझं काम संपलं, आणि गावानं मला शाळेला देऊन टाकलं.

शाळेत दर सोमवारी झेंड्याला सलामी असते. मुलं पांढरे कपडे घालून येतात, उजवा हात छातीपाशी आडवा धरतात आणि राष्ट्रगीत म्हणतात. लहान वर्गांना ते शिकवायच्या तोमासा बाई. त्या गावातल्याच. पोरांना स्पॅनिश अजून धड येत नसे, म्हणून बाई आधी प्रत्येक ओळ मिश्तेकमध्ये समजावून सांगत. त्या गाण्यात लढाई आहे, घोडे आहेत, तोफा आहेत. कुणी विचारलं, "बाई, तोफ म्हणजे काय?" की बाई म्हणायच्या, "जत्रेत फटाका उडतो ना, त्याचा आजोबा."

दोन्या बेनिताची फ्लोरी त्याच वर्गात होती. तिनं एकदा विचारलं, "बाई, यातला शत्रू कोण?"

"जो तुझं घर तुझ्याकडून हिसकावून घेतो तो."

"म्हणजे आमचं वरचं शेत दाबलं तो रामोन मामा?"

सगळा वर्ग खो खो हसला. रामोन मामाचा पोरगाही त्यातच होता. बाईंनी हसू दाबलं आणि म्हणाल्या, "फ्लोरे, त्याचं आपण गाणं झाल्यावर बघू."

फ्लोरीचा आवाज जाडाभरडा आणि दणदणीत होता. सूर कुठेही जायचा. तिच्या स्पॅनिश शब्दांना मिश्तेकचे चढउतार चिकटलेले असायचे. पण ती म्हणायला लागली की खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि जे म्हणते आहे ते तिला कळायचं. मला तिचा आवाज आवडायचा. ती म्हणत असताना माझी काही गरजच पडत नसे.

मग शाळेला नवे मुख्याध्यापक आले, रुतिलियो सर. बूट चकचकीत, बोलणं गोड. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की तालुक्याच्या राष्ट्रगीत स्पर्धेत यंदा आपली शाळा उतरणार. मुलं हरखली. पहिल्याच सरावात सरांनी कपाळाला हात लावला.

"ही काय कोंबड्यांची झुंज चाललीय? बाई, या पोरांच्या जिभेवरचा डोंगर आधी उतरवा."

"सर, शब्द सगळे बरोबर आहेत. बोलायची ढब घरची आहे, इतकंच."

"परीक्षकांना घरची ढब नको असते."

मग ते फ्लोरीसमोर येऊन उभे राहिले. "तुझा आवाज म्हणजे फाटका पत्रा आहे. तू आजपासून म्हणायचं नाही. नुसतं तोंड हलव."

मित्रांनो, पत्रा मी आहे. मला कुणी फाटका म्हटलं तर चालेल, मी आहेच तसा. पण आठ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला ते नाव द्यायचा अधिकार त्या माणसाला कुणी दिला?

फ्लोरी तोंड हलवू लागली. मग तिच्या शेजारची. मग मागची अख्खी रांग. शेवटी सर शहरातून एक तबकडी घेऊन आले. कुठल्यातरी मोठ्या शाळेच्या मुलांनी गोड, घोटीव आवाजात म्हटलेलं राष्ट्रगीत तिच्यात होतं. सरांनी सांगितलं, "हे कर्ण्यातून वाजेल. तुम्ही सगळ्यांनी ओठ जुळवायचे. कुणाच्या गळ्यातून आवाज निघाला तर गाठ माझ्याशी आहे."

तोमासा बाई त्यांच्या खोलीत गेल्या. माझी एक तार त्याच खोलीतून जायची, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"सर, हे देशाचं गाणं आहे. यात फसवणूक नको."

"बाई, तुमची नेमणूक अजून कायम झालेली नाही. विसरलात का?"

बाई बाहेर आल्या.  त्यांनी मुलांना तबकडीबरोबर ओठ जुळवायला रांगेत उभं केलं. घरात म्हातारे आईबाप आणि त्यांच्या एकटीचा पगार, हे गावाला ठाऊक होतं. त्यांच्यावर माझा राग नाही. ज्यानं त्यांना असं गप्प केलं त्याच्यावर आहे.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक बाकीच्या शाळा ऐकून शेवटी आमच्या शाळेत आले. पटांगणात गाव लोटलं होतं. बायकांनी मोठ्या पातेल्यात मक्याची गरम पेज करून आणली होती. दोन्या बेनिता पहिल्या रांगेत बसली. तिनं मोबाइल वर धरला होता. पलीकडे फ्लोरीचा बाप सेल्सो होता, खास रजा काढून बसलेला. आपली पोर देशाचं गाणं म्हणते ते त्याला ऐकायचं होतं.

झेंडा आला. मुलांनी हात छातीशी धरले. सरांनी बटण दाबलं आणि माझ्या तोंडातून परक्या मुलांचा गोड आवाज बाहेर पडला. समोर आमची मुलं मासोळ्यांसारखी तोंडं उघडत मिटत होती. एका परीक्षकानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या तारेकडे, मग आपल्या बुटांकडे. त्याला कळलं होतं. तरी त्यानं मान डोलावली. करंडक आमच्या शाळेला मिळाला.

टाळ्या वाजत असताना बेनिताच्या मोबाइलमधून सेल्सो म्हणाला, "बेनिता, छान झालं गं. पण यात आपली फ्लोरी कुठाय?"

बेनिता उठली. लाजरी बाई, सभेत कधी तोंड न उघडणारी. ती थेट करंडकाच्या टेबलापाशी गेली आणि मिश्तेकमध्येच बोलली.

"माझा नवरा विचारतोय, आमची मुलगी कुठाय?"

शेजारच्या कुणीतरी ते स्पॅनिशमध्ये सांगितलं, तसे सर हसून म्हणाले, "ती काय, पहिल्या रांगेत उभी आहे, बाईसाहेब."

"ती दिसतेय मला. त्याला ऐकू येत नाहीये." ती फ्लोरीकडे वळली. "म्हण गं बाळा. बाबा ऐकतायत. आम्ही थांबतो."

 फ्लोरीनं हात छातीशी आडवा धरला. तोंड उघडलं. ओठ हलले, अगदी बरोबर हलले. पण आवाज आला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नुसते ओठ हलले. मोबाइलमधून सेल्सो विचारत राहिला, "बेनिता, लाइन गेली का? ऐकू येत नाही." बेनितानं मोबाइल पोटाशी दाबून धरला.

त्या क्षणी मला उभं चिरून टाकावंसं वाटलं, स्वतःला नव्हे, त्या करंडकाला.

गावाची सभा बसली. तोमासा बाई पहिल्यांदा बोलल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. नोकरी गेली तर जाईल, म्हणाल्या. मग सर उठले. "गैरसमज झालाय," ते म्हणाले. "मुलं गातच होती. कर्णा जुना आहे, त्यानं सगळा आवाज बिघडवला." सभेनं त्यांचं ऐकलं नाही. करंडक परत पाठवला आणि सरांना गाव सोडायला सांगितलं. पण वरच्या साहेबांनी सरांना काय शिक्षा केली? तालुक्याच्या कचेरीत मोठी खुर्ची दिली. आणि मला मात्र शाळेच्या भिंतीवरून उतरवून इथे आणून टाकलं. परत कुणाला मोह व्हायला नको, असं गावकरी म्हणाले. मला उतरवलं ते ठीकच झालं. पण सरांना वर चढवलं, ते मला आजही सहन होत नाही.

बाईंची नोकरी टिकली, कारण गाव कचेरीच्या दारात जाऊन बसलं. आता सोमवारी त्या मुलांना गोल उभं करतात. एकेक मूल एकेक ओळ म्हणतं. फ्लोरीची पाळी आली की सगळे थांबतात. कुणी हसत नाही, कुणी तिच्या वाटची ओळ म्हणून टाकत नाही. कितीतरी सोमवार ते असे थांबले आणि बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या मुलाला खूण केली.

मागच्या थंडीत एका सकाळी तिनं आपली ओळ म्हटली. बसक्या आवाजात, सूर सोडून, पण शेवटच्या शब्दापर्यंत. पटांगणापासून हे कोठार हाकेच्या अंतरावर आहे, तरी मला ती जेमतेम ऐकू आली. जिच्या आवाजानं काचा थरथरायच्या तीच ही मुलगी. बाकीचे सगळे आनंदले. मीही आनंदलो, पण माझा राग गेला नाही. जाऊही नये.

मित्रांनो, तुमचं राष्ट्रगीत कुठल्याही देशाचं असो, ते तुमच्या गळ्यातून येऊ द्या. शब्द अडला तर अर्थ विचारा. शेजाऱ्याचा सूर चुकला तर त्याच्याकडे वळून हसू नका. आणि उद्या कुणी चकचकीत बुटांचा माणूस येऊन तुम्हाला म्हणाला, "तू नुसतं तोंड हलव," तर ओठ घट्ट मिटून घ्या आणि त्याच्या डोळ्यांत बघत उभे राहा. लाज त्याला वाटू द्या.