दाजींच्या वजनाची सीट

खडीच्या यार्डातून दुरुस्तीचा फोन आला की मी आधी चिडतो आणि मग निघतो. त्या दिवशी खुद्द मालकच बोलत होता. "तुमच्या दाजींचा लोडर पुन्हा अडकलाय. पार्किंग ब्रेक सुटतच नाही. आज काय तो सोक्षमोक्ष लावा, नाहीतर उद्यापासून मी दुसरा ड्रायव्हर बसवतो."

"ब्रेक बिघडला म्हणून ड्रायव्हर बदलायचा?"

"दुसरं कोणी बसलं की सुटतो, म्हणून," मालक म्हणाला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खडी उचलून ट्रकमध्ये भरणारा तो छोटा स्किड लोडर नवा आला तेव्हापासून त्यांच्याच हातात होता. भरलेलं बकेट उचलून ते जागच्या जागी गिरकी घ्यायचे तेव्हा ट्रकवाले चहा विसरून बघत राहायचे. "घरी मला कोणी विचारत नाही," ते म्हणायचे, "पण इथे बसलो की सगळे बाजूला होतात." ती सीट गेली तर हा माणूस जगेल कशावर, हे मला खरंच कळत नव्हतं.

पोचलो तर दाजी भर उन्हात जाड जाकीट घालून जुन्या टायरवर बसलेले.

"आलात मेहुणे? पाना आणलाय की नुसताच राग?"

"दोन्ही आणलंय."

मी केबिन मागे कलती केली. खाली चिखल आणि ग्रीस यांचा नुसता लगदा झाला होता. तो खरवडला, ब्रेकची खीळ चकचकीत केली, वायर तपासल्या. मग स्वतः बसलो, छातीपुढचा दांडा खाली ओढला, बटण दाबलं. खट् झालं आणि ब्रेक सुटला. मी विजयी मुद्रेने उतरलो.

दाजी चढले. दांडा, बटण. ब्रेकचा लाल दिवा तसाच.

"अहो, दांडा नीट ओढा! इतकी वर्षं चालवताय आणि बटण दाबता येत नाही?" मी खेकसलो. एरवी त्यांनी मला दुप्पट सुनावलं असतं. त्या दिवशी ते मुकाट्याने पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले.

शेवटी मीच आत वाकलो आणि तोल सांभाळायला त्यांच्या खांद्यावर हात टेकला. खट्. हात काढला, दिवा लाल. पुन्हा टेकला, खट्. जाकिटाच्या आत खांदा नव्हताच, नुसतं हाड माझ्या तळव्याला लागत होतं.

त्या मशीनमध्ये सीटखाली एक स्विच असतो. वर बसलेल्या माणसाच्या वजनाने सीट दबून तो दाबला गेला तरच ब्रेक सुटतो. आणि सीटची स्प्रिंग बसणाऱ्याच्या वजनाला आवळायची असते. ती मीच आवळली होती, दाजींच्या वजनाला, त्यांच्या पोटाची यथेच्छ टिंगल करत. ब्रेकला काहीही झालेलं नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बरेच दिवस. घास खाली उतरत नाही. पाणी जातं थोडं."

"आणि ताई?"

"साखर सोडली म्हणून वजन उतरलं, असं सांगितलंय. ती खूश आहे हो." दाजी हसले. "डॉक्टर म्हणतात, मोठ्या इस्पितळात जा. पण तिथे गेलो की ही सीट गेली. ती स्प्रिंग सैल करा ना मेहुणे. तेवढं करा."

मी केलं. एक फेरा सैल केला, त्यांनी बटण दाबलं, दिवा लाल. अजून एक. मनात म्हणत होतो, आता सुटेल, इतके काही हे वाळले नसतील. स्क्रू पार शेवटाला आला तेव्हा कुठे ब्रेक सुटला. दाजींचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. मी मशीनमागे जाऊन रडलो, अगदी हुंदके देऊन, आणि येताना पाना घेऊन आलो.

"सुटला ना? मग आता काय करताय?"

"आवळतोय. होती तितकी." माझा आवाज चढला होता. "ही सीट तुमच्या वजनाची आहे दाजी. ते भरून आणा आणि बसा. आत्ता इस्पितळात जायचं. ताईला मी सांगतो."

"आणि नाही भरलं तर?"

मी स्क्रू आवळत राहिलो. एवढ्यात मालक आला. "मिळाला का बिघाड?"

"ब्रेक ठीक आहे," मी म्हणालो. "दाजी आजारी आहेत. ते परत येईपर्यंत मी चालवतो. दुसऱ्या कोणाला बसवायचं नाही."

मालकाने दाजींकडे नीट पाहिलं, बहुधा कितीतरी दिवसांनी, आणि होकाराची मान डोलावली.

दाजींनी किल्ली काढली, हातात घोळवली, मग माझ्या खिशात टाकली. उतरताना त्यांनी हात पुढे केला. पूर्वी त्यांना खाली घ्यायचं म्हणजे मला पाय रोवून उभं राहावं लागायचं. तसाच पाय रोवून मी सगळा जोर लावून ओढलं आणि दाजी एकदम माझ्या छातीवरच आले. एवढा जोर लागणारच नव्हता.