अंजनाच्या सत्काराचा कर्णा

मित्रांनो, आधी कानांवर हात ठेवा, कारण मला हळू बोलता येत नाही! मी एक जुना कर्णा आहे. पलूसजवळच्या एका गावात, धुळा माइकवाल्याच्या परड्यात सध्या माझा मुक्काम असतो. धुळानं आता स्पीकरचे नवे चौकोनी डबे आणलेत. त्यामुळे माझ्या तोंडात एक तांबडी कोंबडी अंडी घालते आणि वर मलाच ओरडते.

पूर्वीचा थाट काय सांगू! सांगलीतल्या एका लहानशा कारखान्यात ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून, वळवून मला घडवलं. धुळानं सायकलच्या कॅरिअरला बांधून मला गावात आणलं तेव्हा पोरं मागून धावत होती. लग्न असो, कुस्त्यांचं मैदान असो की निवडणूक, माझ्यावाचून पान हलत नसे. चावडीपुढच्या कडुलिंबावर मला टांगलं की आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं हातातलं काम टाकून ऐकायची. म्हणायची, "धुळाचा कर्णा म्हंजे कर्णा!" आधीच माझं तोंड मोठं, त्यात हे कौतुक. मी नुसता फुलून जायचो.

पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे अंजनाचा सत्कार. साल चौऱ्याहत्तर. अंजना ही नाथाजींची लेक. नाथाजी फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. अंजनाला इंटर सायन्सला चांगले मार्क पडले, पण सरकारी मेडिकलसाठी थोडक्यात कमी पडले. तेवढ्यात कळलं, की कर्नाटकातल्या एका खासगी मेडिकल कॉलेजात डोनेशन भरलं तर जागा मिळते. मात्र त्यासाठी विहिरीकडचं उसाचं रान विकावं लागणार होतं. नाथाजी सरहद्दीवर असताना त्यांच्या पत्नीनं, राहीबाईनं, ते रान एकटीनं पिकवलं होतं. घराला आधार त्याचाच होता.

नाथाजी सरपंच आप्पासाहेबांना एवढंच म्हणाले होते, "इचार चाललाय." झालं! आप्पासाहेब तडक धुळाकडे आले आणि थोड्याच वेळात मी गरजलो, "आपल्या गावची लेक डाक्टर हुनार! रविवारी सत्कार! समद्यांनी जेवायला यायचं!" गावातला पहिला डॉक्टर, आणि तीही मुलगी! सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. बायका आपली दुखणी घेऊन अंजनाच्या दारात येऊ लागल्या. म्हाताऱ्या हरिबानं तर तिला जीभ काढूनच दाखवली.

मधल्या दिवसांत अंजना आणि तिचे आबा, नाथाजी, ते कॉलेज बघून आले. रविवारी चावडीपुढं हलगी कडाडली. चुलाणावर डाळ-भात शिजत होता. आप्पासाहेब हार घेऊन उभे राहिले आणि धुळानं माइक अंजनापुढं धरला. मला वाटलं, पोरगी लाजून दोन शब्द बोलेल. ती म्हणाली,

"मी त्या कालेजात जानार न्हाई."

मी ते वाक्य जसंच्या तसं चारी दिशांना फेकलं. हलगी थांबली.

"कालेजची इमारत लय झ्याक हाय," अंजना सांगू लागली. "पर त्यांच्या दवाखान्यात खाटा हायत आन् पेशंट न्हाईत. शेवटच्या वर्साची एक पोरगी भेटली. ती म्हनली, अजून एकाबी आजाऱ्याला नीट तपासलं न्हाई. तसली डाक्टर व्हायला आईनं आपलं रान का म्हून द्यायचं? एस्टीत मी आबांना म्हनलं, नगं. आबा म्हनले, आता गावाला काय सांगायचं? म्हनून मीच सांगती."

आप्पासाहेबांचा चेहरा पडला. "पोरगी भ्याली, मंडळी, दुसरं काय न्हाई," असं ते पुटपुटले, तेही मी सगळ्यांना ऐकवलं! मग नाथाजी उठले. सगळं गाव त्यांच्या मिशांकडं बघू लागलं. भर सभेत लेकीनं शब्द मोडला होता. त्यांनी माइक हातात घेतला, तोही उलटा. धुळानं तो सरळ करून दिला.

"मंडळी, मलाबी त्ये कालेज पटलं न्हवतं," ते म्हणाले. "पर समद्या गावात जाहीर झालं हुतं, आन् तुमी हार आनला हुता. आवं, फौजेत गोळीला भ्यालो न्हाई, आन् हितं हाराला भ्यालो! अंजी सांगलीत बी.एस्सी. करंल. रान जाग्यावर ऱ्हाईल. आता जेवल्याबिगर कुनी उठायचं न्हाई."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की लिंबावरचे कावळे उडाले! तेवढ्यात राहीबाई बायकांमधून पुढं आल्या. त्यांनी आप्पासाहेबांच्या हातातला हार घेतला आणि लेकीच्या गळ्यात घातला.

"आनलाय तर वाया कशाला घालवायचा?" त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसत वाढायला गेल्या.

मला इतका आनंद झाला की मी मोठ्ठी शिट्टीच मारली. धुळा धावत बटण पिळायला आला.

मित्रांनो, लग्नाला बोलवा, कुस्त्यांना बोलवा, मला धुऊनपुसून नीट ठेवा. पण घरात एखादी गोष्ट अजून ठरायची असेल, तर ती आधी चुलीपाशी बसून हळू आवाजात बोला. पोरीलाही विचारा. तोवर मला झाडावर चढवू नका.