चिवड्याच्या औषधाची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी लोणच्याची बरणी आहे. आहे कसली, होते. आत्ता मी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात, जाहिरातींच्या कागदांत गुंडाळलेली, एकवीस तुकडे होऊन पडले आहे. खोकं रस्त्याच्या कडेला ठेवलंय. आज मंगळवार, थोड्या वेळात कचऱ्याची गाडी येईल. तेवढ्यात माझी गोष्ट सांगून टाकते. तुम्ही घाबरू नका, खोक्याला चिकटपट्टी लावलीय. घाबरायचं काम माझं, जन्मापासून मी तेच करत आलेय.

काचेला भीती उपजतच असते. भट्टीतून बाहेर आले त्या दिवशी माझ्या पुढची बरणी पट्ट्यावरून घसरली आणि खळ्ळकन फुटली. एका क्षणापूर्वी ती अगदी माझ्यासारखीच होती. तेव्हा जी धडकी भरली ती भरलीच. मग माझ्यात लिंबाचं लोणचं भरलं, झाकण आवळलं आणि बोटीतून मला अमेरिकेला धाडलं. समुद्र हलायचा, शेजारणी माझ्यावर आपटायच्या, आणि मी मनात म्हणायचे, आता गेले, आता गेले.

पण गेले नाही. ओहायोतल्या डब्लिन गावी मृणालिनीच्या घरी आले. मृणालिनी मूळची नाशिकची, इथे एका विमा कंपनीत काम करते. तिच्या हातून काही म्हणून टाकवत नाही. दही संपलं की डबा ठेव, जॅम संपला की बाटली ठेव. तिचा नवरा अवधूत कपाट उघडायचा तेव्हा अंगावर डबे कोसळायचे आणि तो ओरडायचा, "अगं, हे घर आहे की भंगाराचं दुकान!" ती शांतपणे म्हणायची, "असू दे रे, लागतं कधीतरी."

लोणचं संपल्यावर तिने मला तीन वेळा घासलं, उन्हात वाळवलं आणि माझ्यात मेतकूट भरलं. आठ वर्षं मी मेतकूट सांभाळलं. इथल्या दमट उन्हाळ्यातसुद्धा ते कधी सादळलं नाही, कारण माझं झाकण! ते उघडायला अवधूतला रुमाल घ्यावा लागायचा, दात आवळावे लागायचे. आल्यागेल्याला मृणालिनी सांगायची, "हिच्यासारखं झाकण एकीचं नाही हो." खोटं कशाला बोलू, ऐकून मला गुदगुल्या व्हायच्या. एवढी भित्री मी, पण तेवढ्यापुरती ताठ बसायचे.

मग एका दिवाळीत घरात प्लॅस्टिकचे एकसारखे बारा डबे आले आणि माझी रवानगी गॅरेजात झाली. फळीवर मी, शेजारी गंजलेले खिळे आणि रंगाचा वाळका डबा. गॅरेजचं दार वर सरकलं की सगळी फळी थरथरायची. दिवसातून चार वेळा माझा जीव टांगणीला.

त्यात चिवडा आला. प्राण्यांच्या आश्रमातून आणलेलं ते कुत्रं कुठल्या जातीचं हे डॉक्टरांनाही सांगता येईना. कान एकाचे, शेपूट दुसऱ्याची, पाय भलत्याचेच. म्हणून उल्काने नाव ठेवलं चिवडा. उल्का म्हणजे मृणालिनी आणि अवधूतची मुलगी, नऊ वर्षांची, इथेच जन्मलेली. आई मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि दोघींचं अगदी छान चालतं. चिवडा महा खोडकर. चप्पल पळवायची ही त्याची आवडती खोडी, आणि तीसुद्धा जोडीतली एकच. पळवून तो माझ्याच फळीखाली दडायचा आणि शेपटीने फळीचा पाय बडवायचा. मी वरून देवाचं नाव घ्यायचे.

गेल्या शुक्रवारी दिवेलागणीला मागच्या अंगणात एकच गलका झाला.

"चिवडा, नो! कम बॅक! आई, देअर्स अ स्कंक!"

स्कंक ठाऊक आहे ना? मांजराएवढं काळं जनावर, पाठीवर पांढरा पट्टा. कुणी अंगावर गेलं की शेपूट उभारतं आणि घाण वासाची पिचकारी मारतं. अंगणातल्या लाकडी ओट्याखालून ते बाहेर आलं होतं, आणि आमचे शहाणे त्याच्याशी खेळायला गेले. पिचकारी थेट तोंडावर! चिवडा केकाटत, गवतावर नाक घासत गोल गोल फिरू लागला. जळक्या रबराचा, सडक्या लसणीचा वास बंद दारातून गॅरेजात शिरला.

"त्याला घरात घेऊ नकोस, गालिचा जाईल!" मृणालिनी ओरडली.

पहिला उपाय टोमॅटोच्या रसाचा, कुणीतरी फोनवर सांगितलेला. सहा डबे ओतले. चिवड्याला स्कंकचा वास येत होताच, आता टोमॅटोच्या साराचाही येऊ लागला. मग मृणालिनीने इंटरनेटवर दुसरा उपाय शोधला. जखमेवर लावायचं पेरॉक्साइड, खायचा सोडा आणि भांड्याचा साबण बादलीत कालवायचा, कुत्र्याला चोळायचा, डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. बादली फसफसली. हातमोजे घालून तिघांनी त्या बिचाऱ्याला धुतलं आणि वास खरंच निम्मा झाला.

पण गॅरेजात आणून ठेवलेल्या बादलीत अर्धं औषध उरलं.

"ओतून देऊ?" अवधूतने विचारलं.

"छे! एवढं केलंय ते फेकायचं कशाला? हा काय सुधारणार आहे? उद्या परत जाईल तिकडे." तिची नजर फळीवरून फिरली आणि माझ्यावर थांबली. "ही घेऊ, हिचं झाकण घट्ट आहे."

काय सांगू मित्रांनो, चार वर्षांनी कुणीतरी माझं नाव काढलं होतं! काठोकाठ भरून घेतलं मी. तिने झाकण आवळलं. उल्काने कागद चिकटवून त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'चिवड्याचं औषध'. आणि मला तिच्या हाताला येईल असं खालच्या फळीवर ठेवलं.

सगळे आत गेले आणि मला कळलं की काहीतरी चुकतंय. आत बुडबुडे उठत होते. साठवणीची वस्तू कशी गप्प असते, लोणचं मुरतं, मेतकूट पडून राहतं. हे गप्प बसेना. बुडबुडा वर येई, झाकणाला धडके आणि तिथेच राही. बाहेर जायला वाट नाही. पहाटेपर्यंत माझं पोट ताणलं गेलं. झाकण मधोमध फुगलं. मी म्हटलं, अगं सैल हो, थोडी तरी सैल हो! पण ज्या घट्टपणाचं मी जन्मभर कौतुक करून घेतलं, तो आता ऐकेना. मी फुटणार हे मला कळून चुकलं. आणि खरं सांगते, पहिल्यांदाच मला स्वतःसाठी भीती वाटली नाही. माझीच भीती वाटली. माझ्याजवळ येणाऱ्याचं काय होईल?

शनिवारी उजाडलं. दंवात लोळून चिवडा ओला झाला आणि वास पुन्हा भपकन उठला. दुपारी चारला इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम आमच्या घरी होती. स्वयंपाकघरातून मृणालिनीचा आवाज आला. "पंधरा माणसं येणार आहेत, उल्का. हा वास गेला नाही तर तो दिवसभर गॅरेजात कोंडलेला राहील. आणि परत असं केलं तर आश्रमात परत पाठवीन."

"यू कान्ट! ही इज फॅमिली!" उल्काचा आवाज रडवेला झाला.

थोड्या वेळाने गॅरेजचं दार किलकिलं झालं. उल्का एकटीच होती. मागोमाग चिवडा. येऊ नकोस गं बाई, मी आकांताने म्हणत होते, नको हात लावूस! तिने मला उचललं आणि छातीशी धरलं. तिच्या छातीची धडधड मला काचेतून कळत होती.

"डोन्ट वरी, चिवडा. मी तुला क्लीन करते. मग आई काहीच म्हणणार नाही."

मागच्या गवतावर ऑगस्टचं ऊन रणरणत होतं. ती मांडी घालून बसली. मला मांडीत धरलं. झाकण फिरवू लागली. झाकण हलेना. तिने नाक मुरडलं, जीभ बाहेर काढली, आणि नीट जोर लावायला चेहरा अगदी माझ्यावर वाकवला. तिच्या पापण्या मला दिसत होत्या. उन्हाने माझं अंग तापत होतं, आतला जोर वाढत होता, आणि मी जीव खाऊन स्वतःला आवळून धरलं होतं. एवढी लहान मुलगी! एवढे लहान डोळे! अजून थोडं, फक्त हिचं तोंड बाजूला जाऊ दे.

चिवड्याने मला ओळखलं. कालची आंघोळ त्याला आठवली असणार. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा उल्काकडे, आणि झडप घालून तिची डावी चप्पल पळवली.

"ए! गिव्ह इट बॅक!"

तिने मला गवतावर ठेवलं आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी अशी धावली. तो मेपलच्या झाडापर्यंत पोचला, ती त्याच्या मागे, आणि मी फुटले.

आवाज एवढा झाला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. मृणालिनी हातात झारा घेऊनच बाहेर आली.

"उल्का! हलू नकोस! आहेस तिथेच उभी राहा!"

अंगणभर माझे तुकडे चमकत होते. पलीकडे अनवाणी पाय उचलून उल्का उभी, चिवड्याच्या गळ्याला मिठी मारून. अवधूत बूट घालून गेला, आधी तिला उचलून आणलं, मग चिवड्याला. दोघांनाही खरचटलंसुद्धा नव्हतं.

माझं झाकण कुंपणापाशी सापडलं. त्याच्या वर, कुंपणाच्या फळीला खोक पडली होती. अवधूतने उल्काला उचलून नेलं आणि तिथे चप्पल घातलेल्या पायावर उभं केलं. खोक तिच्या कपाळाच्या उंचीवर होती. मृणालिनी तिथेच गवतात बसली आणि हुंदके देऊन रडली.

"त्या रेसिपीत खाली लिहिलंय," अवधूत फोन बघत हळूच म्हणाला. "उरलेलं बंद करून ठेवू नका म्हणून. फुटतं."

"मी खालपर्यंत वाचलंच नाही रे. टाकवलं नाही मला. माझ्या पोरीचे डोळे गेले असते."

तालीम कॅन्सल केली. मग मृणालिनीने जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. हातमोजे घालून तिने एकेक तुकडा वेचला आणि ओट्यावर कागद पसरून मला पुन्हा जुळवायला घेतलं. जोडायला नव्हे हो, काही राहिलंय का ते बघायला. वीस तुकडे झाले. तळाशी चिंचोक्याएवढी जागा रिकामी राहिली.

"एक राहिलाय," ती म्हणाली. "तो मिळेपर्यंत कुणीही अंगणात पाय टाकायचा नाही."

तीन तास ती ओणवी होऊन गवत चाचपत होती. दिवस कलायला लागला. मी ओट्यावर पडून देवाला विनवत होते, सापडू दे. चिवडा रोज तिथे लोळतो, उल्का तिथे अनवाणी खेळते. मेल्यावरही माझ्या हातून कुणाला जखम नको. शेवटी दमून मृणालिनीने उल्काच्या उजव्या पायातली चप्पल काढून उलटी केली. कुंपणापाशी उभी राहताना लागलेला तो तुकडा चपलेच्या तळात खोल रुतून बसला होता. तिने तो चिमट्याने काढला आणि माझ्या तळाशी बसवला. घटकाभर मी पुन्हा पुरी झाले.

त्या रात्री चिवडा घरात झोपला, उल्काच्या पायाशी. वास येत होता, पण कुणी त्याला गॅरेजात पाठवलं नाही.

मित्रांनो, कुत्र्याचं औषध कालवाल तर लागेल तेवढंच कालवा. उरलं तर ओतून द्या. ज्याला आतून बाहेर यायचं असतं त्याच्यावर झाकण आवळू नका. आणि लिहिलेलं असेल ते अगदी खालपर्यंत वाचा.

या खोक्यावर काल रात्री मृणालिनीने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'फुटकी काच आहे. जपून उचला.'

"आई, गार्बेजवाल्या काकांना मराठी कुठे येतं?" उल्का म्हणाली.

"अगं हो की! मग तू लिही खाली इंग्लिशमध्ये."

तिने लिहिलंय. अक्षर अजून वेडंवाकडंच आहे, पण मोठं आहे. वळणावर गाडीचा आवाज येतोय मित्रांनो. जरा बघून सांगता का, त्यांनी हातमोजे घातलेत ना?